शहापूर-मुरबाड परिसरातील लैंगिक हिंसा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत कातकरी, ठाकर व महादेव कोळी यांची वस्ती मोठी असून, तेथील स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांचा इतिहास जमीन, कर्ज व वेठ यांच्या इतिहासापासून पृथक् करता येत नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये शहापूर अंशतः वर्जित (आदिवासीबहुल) क्षेत्रांत गणला गेल्यावर मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी, जंगलपट्टीतील जमीनदार कुळांकडून वेठ घेतात, त्यांना मारहाण करतात आणि त्यांच्या स्त्रियांचाही उपभोग घेतात, असे आपल्या अहवालात नमूद केले. सरकारी दप्तरात इतकी स्पष्टोक्ती विरळाच. लग्नाच्या कर्जापोटी राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची पत्नीही सावकाराच्या घरी राबत असल्याने तिने फिर्याद करावी तरी कोणाकडे? जानेवारी १९४५ मधील टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर किसान सभेचे नेते गोदावरी व शामराव परुळेकर यांनी वेठ व लग्नगडीची ही प्रथा मोडण्याचा लढा उभारला. त्याचा जोर मात्र डहाणू-उंबरगावकडे अधिक होता. वेठबिगारी १९७६ मध्ये कायद्याने नष्ट झाली, पण उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांचे परावलंबन टिकून राहिले.

पुढे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आणि पीडितांना साहाय्य देणारी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना (२०१३) आली. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत मासिक पाळीच्या तपासणीसाठी मुलींना विवस्त्र करण्यात आले, तेव्हा पालकांनी प्रकरण दडपू न देता शाळेवर मोर्चा नेला. २०१२ च्या त्याच कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊन मुख्याध्यापिकेस अटक झाली.