अर्थ लावण्याची कुळकथा: बीड जिल्हा आणि इंग्रजी शब्द

बीड जिल्ह्यातील मराठी शाळांत अनोळखी इंग्रजी शब्दाचा अर्थ लावण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिची बाह्य खूण म्हणजे वहीच्या पानावर पाडलेले तीन उभे रकाने: पहिल्यात शब्द, दुसऱ्यात देवनागरीत त्याचा उच्चार आणि तिसऱ्यात अर्थ. एवढे झाल्यावर धड्यातील ओळीवर प्रत्येक शब्दाचा अर्थ पेन्सिलीने लिहायचा आणि मग ते सुटे अर्थ कर्ता, कर्म, क्रियापद या मराठी क्रमाने जुळवून वाक्य उभे करायचे, ही पुढची पायरी. इंग्रजी या प्रदेशात उशिरा आले; परंतु परक्या भाषेतील वाक्य असे उकलण्याची सवय येथे त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

संस्कृत ग्रंथावर टीका लिहिताना आधी पदच्छेद, म्हणजे संधीने जोडली गेलेली पदे वेगळी करणे, मग अन्वय, म्हणजे पद्यात विखुरलेली पदे अर्थाच्या क्रमाने लावणे, आणि शेवटी भावार्थ, असा क्रम पाळला जाई. याच जिल्ह्यातील अंबाजोगाई हे या कामाचे मोठे पीठ होते. शके १११० मधील, म्हणजे इ. स. ११८८ मधील, ‘विवेकसिंधु’ या ग्रंथाचे कर्ते मुकुंदराज यांची समाधी परंपरेने येथेच दाखवली जाते, आणि त्यांनी वेदान्ताच्या संज्ञा मराठीत उलगडून सांगितल्या. सोळाव्या शतकात जन्मलेल्या दासोपंतांनी गीतेवर ‘गीतार्णव’ ही विस्तीर्ण टीका रचली, तर ‘पंचीकरण’ हा विषय, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचे विवरण, त्यांनी कापडी पासोडीवर लिहिला. मूळ पद, त्याचे विवरण आणि मराठी श्रोत्याला पटेल असा आशय, ही सांगड या मातीत अशी मुरलेली होती.

परक्या शब्दांची यादी करून त्यांना पर्याय देण्याचा राजकीय प्रयत्न शिवाजी महाराजांच्या काळात झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपवलेल्या ‘राजव्यवहारकोशा’त दरबारी व्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. इंग्रजीच्या बाबतीत मात्र ही कामगिरी प्रथम परकीयांनी केली. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला, १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांनी मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी असे दोन्ही भाग असलेला कोश मुंबईत छापला, आणि मोल्सवर्थ यांच्या १८३१ मधील मराठी-इंग्रजी कोशानंतर त्यांनीच आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर थॉमस कॅंडी यांनी तडीस नेऊन १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. कॅंडींच्या कोशात एकाच इंग्रजी शब्दाखाली अर्थच्छटांनुसार मराठी पर्यायांची रांग लागते, त्यामुळे नेमका पर्याय निवडण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते.

तथापि हा सारा उद्योग मुंबई इलाख्यातला होता, आणि बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते. तेथे १८८० च्या दशकात राज्यकारभारातील फारसीची जागा उर्दूने घेतली, वरच्या वर्गांतील शिक्षणही प्रामुख्याने उर्दूतून होऊ लागले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उर्दू हेच उच्च शिक्षणाचे माध्यम ठरवले. इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी १९१७ मध्येच दार-उल-तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, सुरू झाला होता. मौलवी अब्दुल हक यांनी संपादित केलेला इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने प्रसिद्ध केला तो बीड ज्या सुभ्यात होते त्या सुभ्याच्या ठाण्यातून, म्हणजे औरंगाबादेहून. पुण्याच्या विद्यार्थ्याला कॅंडींचा कोश जवळचा होता, तर बीडच्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द बहुधा आधी उर्दूत आणि मग घरच्या मराठीत, असा दोन टप्प्यांत समजून घ्यावा लागे.

या दुहेरी वाटेचा परिणाम कचेरीच्या भाषेत ठळक दिसतो. मुंबई इलाख्यात ज्याला कलेक्टर म्हणत, त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याला निजामी राजवटीत अव्वल तालुकदार म्हटले जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनामांचे मराठीकरण हाती घेतले. १९६२ च्या ‘पदनाम कोशा’ने जिल्हाधिकारी यांसारख्या संज्ञांना अधिकृत रूप दिले. अशा प्रकारे अवघ्या दीड दशकात एकाच खुर्चीची पाटी उर्दूतून मराठीत आली, आणि तोंडी व्यवहारात मात्र शेजारच्या इलाख्यातला कलेक्टर हाच शब्द टिकला.

शाळेत शब्दशः अर्थ मांडण्याची पद्धत जेथे अडते ती जागा म्हणजे इंग्रजीतील जोडक्रियापदे, ज्यांत साध्या क्रियापदाला एखादे अव्यय जोडले की अर्थच पालटतो. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ या वाक्यावर ‘तो, दिले, वर, धूम्रपान’ असे अर्थ लिहून कितीही अन्वय लावला तरी त्याने धूम्रपान सोडले हा अर्थ हाती लागत नाही, कारण येथे ‘गेव्ह अप’ हे दोन शब्दांचे मिळून एकच पद आहे. टीकाकाराच्या परिभाषेत बोलायचे तर चूक अन्वयाची नसून पदच्छेदाची असते. जेथे तोडायचे नव्हते तेथे तोडले गेलेले असते. २००० पासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले, तेव्हा सुट्या शब्दांऐवजी पूर्ण वाक्ये कानावर घालण्यावर भर देण्यात आला आणि त्यात या अडचणीवर उतारा होता.

शाळेबाहेर तर कोशाची गरजही पडत नाही. गावाला आणि शेतातल्या पंपाला वीज पुरवणाऱ्या यंत्राला सरकारी मराठीत रोहित्र म्हणतात, पण बीडचा शेतकरी ‘डीपी जळाली’ असेच सांगतो. त्या इंग्रजी आद्याक्षरांचा विस्तार त्याला ठाऊक असो वा नसो, ती स्त्रीलिंगी आहे, ती जळते, ती बदलून मिळायला दिवस लागतात आणि तोवर पिकाला पाणी मिळत नाही, इतका अर्थ त्याने वापरातून पक्का केलेला असतो. रकान्यांच्या वहीत तिसऱ्या रकान्यात जे लिहिले जाते, त्यापेक्षा हा अर्थ कितीतरी भरीव आहे.