न्यायदानातील लोकसहभाग

न्यायाधीश व वकील यांखेरीज इतर नागरिकांनी न्यायनिर्णयाच्या किंवा न्यायालयीन सेवेच्या कार्यात घेतलेला भाग. पंच, ज्यूरी, तडजोड घडवून आणणारे सदस्य, न्यायाधिकरणावरील बिगर-न्यायिक सदस्य आणि खुल्या न्यायालयातील श्रोते ही त्याची प्रमुख रूपे होत. महाराष्ट्रात या सहभागाची परंपरा दीर्घ असून तिच्या इतिहासात लोकमताचे बळ व त्याच्या मर्यादा ही दोन्ही दिसून येतात.

गोतसभा : शिवपूर्वकाळापासून पेशवाईपर्यंत वतन, सीमा, वडीलकी आणि मानपान यांसंबंधीचे तंटे गोतसभा व मजालस यांच्यापुढे चालत. सभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन व बलुतेदार बसत. निवाडा मान्य करण्याची लेखी कबुली वादी-प्रतिवादींकडून आधीच घेतली जाई. साक्षीपुरावा झाल्यावर निर्णयाचा महजर होई व त्यावर उपस्थितांची नावे आणि निशाण्या पडत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे. पुरावा अपुरा पडल्यास दिव्याचा आश्रय घेतला जाई. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल करीत. शेजारगावच्या माणसांना सीमेची व वहिवाटीची प्रत्यक्ष माहिती असल्याने निर्णयाला वजन येई. मात्र सभेतील स्थान वतन व जात यांवर ठरे. त्यामुळे ज्यांना वतन नव्हते त्यांचा आवाज दुबळा राही.

कंपनी-राज्यातील पंचायती : पेशवाईच्या अस्तानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात या पंचायतींचे सविस्तर वर्णन केले. पंचांना एकत्र जमविणे कठीण, कामास विलंब फार आणि निर्णय अंमलात आणण्याची सत्ता नाही, हे दोष त्याने नमूद केले. तरीही लोकांना परिचित असलेली ही पद्धती शक्यतो टिकवावी, असे त्याचे मत होते. १८२७ च्या मुंबई विनियमांनी सरकारी न्यायालयांची रीतसर श्रेणी उभी केली. तिच्या निर्णयांमागे राज्यसत्ता उभी असल्याने पक्षकार तिकडे वळले आणि पंचायती मागे पडल्या.

ज्यूरी पद्धती : मुंबईत १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय सुरू झाले व तेथे इंग्रजी ज्यूरी पद्धती चाले. १८२६ च्या अधिनियमाने भारतीयांना ज्यूरीत बसण्याची मुभा मिळाली. तथापि ख्रिस्ती आरोपींच्या खटल्यांतून व बड्या ज्यूरीतून ख्रिस्तीतरांना वगळण्यात आले होते. हा भेद १८३२ मध्ये दूर झाला. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सरकार ठरवील त्या जिल्ह्यांत ज्यूरीची सोय केली.

ज्यूरी कोणाची, या प्रश्नाचे महत्त्व लोकमान्य टिळकांच्या खटल्यांनी उघड केले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूरींपैकी सहा यूरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी, तर तीन भारतीयांनी निर्दोष ठरविले. १९०८ च्या ज्यूरीत सात यूरोपीय व दोन पारशी होते आणि निर्णयही सात विरुद्ध दोन असाच लागला. सहभागाचे बाह्य रूप पूर्ण असूनही ज्या समाजावर त्या निर्णयाचा परिणाम व्हावयाचा, तो समाज ज्यूरीत अल्पमतात होता.

स्वातंत्र्योत्तर काळात विधि आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात (१९५८) ज्यूरी पद्धती रद्द करण्याची शिफारस केली. पुढच्याच वर्षी नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. वृत्तपत्रांनी या प्रकरणी लोकमत कमालीचे तापविले होते. सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने आरोपीस दोषी धरले व १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. पारशी विवाहविषयक न्यायालयांत मात्र समाजातील प्रतिनिधींच्या साहाय्याने निर्णय करण्याची पद्धत राहिली. १९८८ च्या दुरुस्तीने त्यांची संख्या सातवरून पाचावर आणली.

लोकन्यायालये व न्यायाधिकरणे : १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समान न्याय व मोफत विधिसाहाय्य यांविषयीचा अनुच्छेद ३९-क संविधानात घातला. गुजरातमधील उना येथे १४ मार्च १९८२ रोजी लोकअदालत भरली आणि या चळवळीला गती मिळाली. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. लोकअदालतीत न्यायिक अधिकाऱ्याबरोबर इतर व्यक्ती बसतात. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. न्यायालयात भरलेले शुल्कही परत मिळते. मात्र हा निवाडा उभयपक्षी संमतीवरच आधारलेला असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. लोकोपयोगी सेवांच्या तंट्यांसाठी २००२ च्या दुरुस्तीने स्थायी लोकअदालती निर्माण केल्या. समेट न झाल्यास त्यांना ठरावीक मर्यादेत निर्णयाचाही अधिकार आहे.

कुटुंब न्यायालय अधिनियमाने (१९८४) समाजकल्याण संस्थांचे साहाय्य घेण्याची तरतूद केली. ग्राहक संरक्षण अधिनियमाने (१९८६) जिल्हा मंचावर अध्यक्षाखेरीज दोन सदस्य व त्यांत एक स्त्री आवश्यक ठरविली. २०१९ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. विधि आयोगाने १९८६ मध्ये ग्रामीण न्यायालयात सामान्य नागरिकांना निर्णयात स्थान देण्याचे सुचविले होते. ग्रामन्यायालय अधिनियमाने (२००८) निर्णय विधिज्ञ न्यायाधिकाऱ्याकडेच ठेवला आणि समेटासाठी सामाजिक कार्यकर्त्यांची नामिका करण्याची सोय केली.

समीक्षा : न्यायालय खुले असावे, हे तत्त्व मुंबईतील मिरजकर प्रकरणात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिपादिले. २०१८ च्या निर्णयाने थेट प्रक्षेपणास मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाची कामे लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागली. पाहण्याबरोबर समजणेही आवश्यक असते. म्हणून महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांत मराठीच्या वापराचा प्रश्न याच विषयाचा भाग ठरतो. उलटपक्षी, जातपंचायतींच्या दंडाविरुद्ध राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम करावा लागला. न्यायासनाजवळ लोक असल्याने निर्णयाला स्थानिक ज्ञान व विश्वास लाभतो. परंतु सभेत कोणाला स्थान आहे, पक्षकाराची संमती खरी आहे काय आणि निर्णयाविरुद्ध दाद मागता येते काय, यांवरच त्या सहभागाचे मोल अवलंबून असते.