जुन्या गाडीचे सैल रबर : चिकटवण्याआधी कारण शोधावे

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की जुन्या मोटारींचे दोष उघडे पडू लागतात. पायांखालची चटई ओलसर लागते, काचा आतून धुरकटतात आणि गाडीत कुबट वास भरतो. दरवाजाच्या कडेचे रबर एखाद्या कोपऱ्यात लोंबू लागलेले असते. ते दिसायला किरकोळ असल्याने बहुतेक वाहनधारक हाताशी असलेला गोंद लावून मोकळे होतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या पावसात अशी तात्पुरती डागडुजी फार काळ टिकत नाही. चटईखाली मुरलेले पाणी बाहेरून दिसत नाही. तळाचा पत्रा सडून भोक पडते तेव्हाच ते लक्षात येते.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि अॅम्बेसेडरचेही त्याच वर्षी. तरीही या व त्यांच्या पिढीतील इतर गाड्या अनेक घरांत आजही जपल्या जातात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गंजलेला तळ घेऊन त्या तपासणीस जाणे म्हणजे मोठ्या खर्चाला आमंत्रण. त्या मानाने वेळेवर केलेली रबराची दुरुस्ती स्वस्त पडते.

रबर सैल का होते

मोटारीच्या दरवाजांना आज बहुधा ‘ईपीडीएम’ या कृत्रिम रबराच्या पट्ट्या असतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना ‘बीडिंग’ म्हणतात. नैसर्गिक रबरावर हवेतील ओझोनचा मारा लवकर होतो आणि जेथे ते ताणलेले असते तेथे आडव्या भेगा पडतात. ईपीडीएम ओझोनला व उन्हाला अधिक तोंड देते. पण वर्षानुवर्षे दाबले गेल्याने तेही चपटे होते, आक्रसते आणि पूर्वीसारखे उसळून वर येत नाही.

अनेकदा मात्र दोष रबराचा नसतोच. पट्टी ज्या धातूच्या कडेवर बसते त्या कडेला गंज चढला की ती फुगते आणि पट्टीला बाहेर ढकलते. काही पट्ट्या प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसवलेल्या असतात. त्या क्लिपा ठिसूळ होऊन तुटतात. काही गोंदाने चिकटवलेल्या असतात. तो गोंद उन्हाने वाळून भुकटी होतो. काहींच्या पोटात लोखंडी चिमट्यासारखी पट्टी असते. ती फाकली की पकड जाते. दुरुस्ती यांपैकी कोणत्या कारणाने करायची आहे, हे आधी ठरले पाहिजे.

पाणी नेमके कोठून येते

दरवाजा व चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून दरवाजा लावावा आणि ती हळूच ओढून पाहावी. ती अडकत ओढली गेली तर रबर तेथे नीट टेकते. अलगद निसटली तर तेथे फट आहे. दरवाजाभोवती दर वीतभर अंतरावर ही चाचणी करता येते. रबरावर खडूची पूड चोळून दरवाजा एकदा लावून उघडल्यास चौकटीवर उमटलेली रेघही हेच सांगते. ती जेथे तुटलेली दिसेल तेथे दोष असतो. सगळीकडे फट आढळली तर रबरापेक्षा बिजागरी झुकल्याचा किंवा कुलपाची पकड सरकल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर पाण्याची चाचणी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीतून संथ धार सोडावी. सुरुवात खालून करून हळूहळू वर जावे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळते आणि कोठून शिरले ते कळत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. काचेच्या फटीतून दरवाजाच्या पोटात थोडे पाणी जातेच. ते बाहेर पडावे म्हणून दरवाजाच्या तळाला छिद्रे असतात. तांबड्या मातीने ती बुजली की पाणी आत साचते. दरवाजाच्या आतल्या आवरणामागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला असेल तरी पाणी थेट चटईवर उतरते. काचेसमोरच्या जाळीत आंब्या-फणसाची पाने कुजली की तेथील निचराही बंद होतो. अशा वेळी नवे रबर बसवूनही गळती थांबत नाही. एक पातळ तार घेऊन ही छिद्रे मोकळी करणे हाच पहिला उपाय ठरतो.

चिकटवण्याची रीत

पट्टी काढल्यावर कडेचा गंज पॉलिश पेपरने घासून काढावा, रेड ऑक्साइड प्रायमर लावून वर रंगाचा हात द्यावा आणि तो पुरता वाळू द्यावा. जुना गोंद प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडावा. थिनर रंग उडवतो, तर रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो आणि नवा गोंद पकडत नाही. रबर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.

चपला व रेक्झिन चिकटवण्यासाठी मिळणारा पिवळसर सिंथेटिक रबराचा गोंद या कामास चालतो. रबर व धातू या दोन्हींवर पातळ थर देऊन बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे; यास साधारण दहा ते पंधरा मिनिटे लागतात. ओला असताना दाबल्यास तो सरकतो. नंतर कोपऱ्यांपासून सुरुवात करून पट्टी दाबत जावी आणि मास्किंग टेपने चोवीस तास बांधून ठेवावी. या गोंदाची वाफ पेट घेते व डोके जड करते, म्हणून दरवाजे उघडे ठेवून, ज्योतीपासून दूर काम करावे.

पट्टी ताणून बसवणे ही सर्वांत सामान्य चूक. ताणलेले रबर काही दिवसांत आखडते आणि कोपरे पुन्हा सुटतात. वळणावर उलट किंचित ढील द्यावी. दोन टोकांचा सांधा जोडण्यास सुपरग्लू उपयोगी पडतो. पण लांब पट्टीसाठी तो नको, कारण वाळल्यावर कडक होऊन तो तडकतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही टाळावे. त्यातील आम्लाने उघडा धातू गंजतो आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही.

पोटात लोखंडी पट्टी असलेल्या बीडिंगला गोंदाची गरज नसते. पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून फाकलेली कड हलकेच आवळावी आणि रबरी हातोडीने ठोकून बसवावी.

काच व डिकी

अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांची पुढची काच रबराच्या खोबणीतच बसलेली असते. ते रबर सैल झाले तर घरी खटपट न करता काच बसवणाऱ्या अनुभवी कारागिराकडे जावे. नंतरच्या अनेक गाड्यांत काच युरेथेनच्या गोंदाने चौकटीला जोडलेली असते आणि गाडीच्या मजबुतीत तिचा वाटा असतो; अशा काचेभोवतीची शोभेची पट्टी उचकटताना आतल्या गोंदाला धक्का लागू देऊ नये.

डिकीच्या रबराकडे मात्र सर्वांचेच दुर्लक्ष होते. धुराचा नळा तिच्याच खाली असतो आणि धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन धूर फटीतून आत खेचला जाऊ शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रवासात वारंवार डोके दुखणे, मळमळ किंवा गुंगी येणे ही लक्षणे दिसल्यास गाडी थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि डिकीचे रबर व सायलेन्सर दोन्ही तपासल्याखेरीज ती वापरू नये.

नवे केव्हा, निगा कशी

अंगठ्याने दाबल्यावर रबर वर येत नसेल किंवा भेग आरपार गेली असेल, तर ते बदलावे. दुकानात जाताना जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा नमुन्यासाठी न्यावा. मात्र लांबी त्या आक्रसलेल्या पट्टीवरून न मोजता चौकटीभोवती सुतळी फिरवून मोजावी.

रबराला इंजिन ऑइल, ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावण्याची सवय घातक आहे. खनिज तेलाने ईपीडीएम फुगते आणि मऊ पडते. वर्षातून दोनदा रबर धुऊन सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला की पुरे. हे सारे काम मे महिन्याच्या उन्हात, पण गाडी सावलीत उभी करून उरकावे. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या धातूवर कोणताही गोंद नीट धरत नाही. तेव्हा फटीवर बाहेरून टेप लावणे, छिद्रे मोकळी करणे आणि चटया उचलून तळ कोरडा ठेवणे एवढेच हाती राहते.