वापरकर्ता कोण? एक प्रस्तावना

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाच्या आसपास कोणालाही घराचा पत्ता विचारा. उत्तरात देऊळ येईल, वाड्याचे जुने नाव येईल, कोणत्या दुकानामागची गल्ली तेही येईल. त्याच घराची आखीव पत्रिका, म्हणजे मालमत्ता पत्रक, संगणकावर काढायची, तर मात्र नगर भूमापन क्रमांक लागतो. पत्ते दोन्ही खरेच. एक राहणाऱ्याचा, दुसरा दप्तराचा. या दोहोंमधले अंतर कोणी तोडायचे, नागरिकाने की संकेतस्थळाने, हा वापरकर्ताकेंद्री रचना या अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न आहे. माझे उत्तर सरळ आहे: संकेतस्थळाने.

विषय वेबपेक्षाही थोडा जुना. डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या १९८६च्या ग्रंथामुळे वापरकर्ताकेंद्री रचनेची कल्पना रुजली. वेब सर्वांना, दृष्टिहीनांनाही, वापरता यावी यासाठीची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९९ची. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ची. सन पाठ करू नका. पद्धत ध्यानात ठेवा: माणूस कोणते काम घेऊन आला ते पाहायचे, कच्चा आराखडा त्याच्यापुढे ठेवायचा, तो जिथे अडतो तिथे बदलायचे आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवायचे.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके बहुधा एक माणूस आणि एक पडदा गृहीत धरतात. आपल्याकडे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या सेतू केंद्रात कळफलकावर बोटे असतात चालकाची, अर्ज असतो शेजारी बसलेल्या आजींचा, आणि ओटीपी जातो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर. ‘लाव बाप्पा त्याला फोन!’ असे म्हणेपर्यंत वेळ संपते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून. यात वापरकर्ता कोण? तिघेही. त्यांतल्या एकालाच विचारून आखलेला अर्ज उरलेल्या दोघांना अडवणारच. भर म्हणजे नावाचे स्पेलिंग आधारवर एक, जुन्या खरेदीखतावर दुसरे. आणि यंत्राला दोन्ही अक्षरशः जुळायला हवीत. अशा वेळी ‘माहिती चुकीची आहे’ एवढाच लाल संदेश दाखवणे हा रचनाकाराचा आळस आहे. काय जुळले नाही आणि आता काय करायचे, हे मराठीत सांगता येते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत. पुढची प्रकरणे वाचण्याआधी जवळच्या सेतू केंद्रात, चालकाची परवानगी घेऊन, तासभर बसा. वही जवळ ठेवा, कोणाचे नाव टिपू नका, सल्ला तर मुळीच देऊ नका. कोण कुठे अडले, तेवढेच लिहून आणा.