काळ्या रानातला मेट्टाड

शेवगाव-नेवाशाच्या काळ्या रानात शाळूची काढणी माघाच्या सुमारास सुरू होते आणि फाल्गुनात आटोपते. आम्हा ख्रिस्ती घरांत त्याच दिवसांत प्रायश्चित्तकाळ लागलेला असतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घ्यायची, शुक्रवारी मांसाला शिवायचे नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावाबाहेर वडारांची पाले पडायची. कणसे खळ्यावर गेली, कडब्याच्या पेंढ्या रचून झाल्या की रान मोकळे होई. मग हातात पहार, कुदळ आणि एक फुटके मडके घेऊन ही माणसे धुऱ्याधुऱ्याने फिरू लागत. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, आम्ही पोरे त्यांच्यामागे धावत असू.

त्यांचे काम पाहण्यासारखे होते. बिळाच्या तोंडाशी उकरलेली माती ओली की सुकी, यावरून आत कोणी आहे की नाही ते त्यांना कळे. बाकीची तोंडे ढेकळांनी बुजवायची, एका तोंडाशी मडके लावायचे, मडक्यात गोवरीचा निखारा आणि भुसकट घालून मागून फुंकर मारायची. धूर आत गेला की पहार चाले. माणूस बिळाच्या वळणावळणाने खणत जाई, आणि शेवटी हाती दोन गोष्टी येत: धुराने गुंगलेले उंदीर आणि त्यांनी साठवलेली कणसे. उंदीर जागच्या जागी जाळावर धरून केस भाजून काढीत, पोट साफ करीत, मीठ-मिरची लावून निखाऱ्यावर टाकीत. तो वास शुक्रवारी रानभर पसरे आणि आम्ही उपाशी पोटी तो हुंगत उभे असू.

घरी कळले की वडिलांचा मार ठरलेला. “त्यांच्यात मिसळायचं नाही,” एवढेच ते म्हणत. आजी मात्र गप्प राही. खूप वर्षांनी, तिचे डोळे गेल्यावर, एकदा तिने आपणहून सांगितले. १८९९-१९०० च्या दुष्काळात ती पाच-सहा वर्षांची होती. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडीत. तिचा बाप रात्री बिळे उकरून दाणे आणी, आणि दाण्यांबरोबर जे हाती लागे तेही मडक्यात जाई. “दाणे उंदराचे चालले,” आजी म्हणाली, “मग उंदरानं काय पाप केलं होतं?” पण हे वडिलांना सांगू नकोस, असेही तिने मला बजावले. स्वतःच्या मुलापासून तिने ही गोष्ट साठ-पासष्ट वर्षे लपवून ठेवली होती. हा लेख लिहायला बसलो तो त्या लपवण्यामुळे.

उंदीर खाणारी माणसे म्हणजे अडाणी, रानटी, अशी आपली समजूत असते. तिला छेद देणारा एक जुना पुरावा आहे. तो आपल्या जिल्ह्यातला नसून दक्षिणेकडच्या धारवाडचा आहे. पण ते रान याच जातीचे, काळे व भेगाळणारे, आणि माणसेही तीच. वॉल्टर इलियट हा मद्रास सरकारचा मुलकी अधिकारी त्या काळी ज्याला ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत तेथे अनेक वर्षे होता. त्या भागातील सस्तन प्राण्यांची सूची त्याने १८३९ साली मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत छापली. तीत तो लिहितो ते असे: १८२६ साली पाऊस सुरुवातीलाच ओढला. एरवी पहिल्या दमदार पावसात जमिनीच्या भेगा मिटतात आणि भेगांत राहणारे असंख्य उंदीर गाडले जातात; त्या वर्षी ते वाचले आणि बेसुमार वाढले. पेरलेले बी त्यांनी खाल्ले, पुढे ज्वारीच्या ताटावर चढून कणसे तोडली. अख्खी शेते अशी उजाड झाली की रयतेला सारा भरता येईना. तेव्हा रयतेने वडारांना बोलावले. त्यांनी हजारोंनी उंदीर मारले, आणि मारलेल्या उंदरांच्या डझनांवर मापाने धान्य घेतले.

मापाने धान्य, म्हणजे मजुरी. इलियटच्या टिपणातील हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. वडार कुणाचे उष्टे मागत नव्हता. तळी खोदणे, माती वाहणे, दगड फोडणे हा त्याचा पिढीजात धंदा. माती वडार, गाडी वडार, जाते वडार ही नावेच त्याची साक्ष देतात. जमिनीच्या पोटात काय चालले आहे हे त्याच्याइतके गावात कोणाला कळत होते? ज्या पहारीने तो विहिरीचा खडक फोडी त्याच पहारीने बीळ उकरी. कुणब्याचे पीक वाचे, वडाराला धान्य मिळे, वर मांस मिळे. बिळातले धान्य तर वेगळेच. ‘कोक’ नावाच्या दुसऱ्या एका उंदराविषयी, म्हणजे आपल्याकडच्या लहान घुशीविषयी, इलियटच सांगतो की अनुकूल जागी त्याच्या बिळात इतके धान्य सापडे की वडारांची त्यावर बरेच दिवस गुजराण होई.

आणखी एक गंमत. भेगांत राहणाऱ्या त्या मऊ केसांच्या उंदराला वडार आपल्या तेलुगू वळणाच्या बोलीत ‘मेट्टाड’ म्हणत. इलियटने ते नाव टिपून घेतले. लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने १८३७ साली या प्राण्याला शास्त्रीय नाव देताना तोच शब्द घेतला. फक्त एका ‘ट’चा ‘ल’ झाला. आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या रानातला हा उंदीर ‘मिलार्डिया मेल्टाडा’ म्हणून नोंदलेला आहे. एरवी लॅटिन आणि ग्रीक शब्दांनी भरलेल्या त्या याद्यांत पालात राहणाऱ्या माणसांचा हा एक शब्द, किंचित मोडलेला का होईना, जाऊन बसला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने नगरला किती छळले ते वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचा ख्रिस्ती इतिहास त्याच्या आगेमागेच सुरू होतो. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेम्पलने दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. दख्खनच्या मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. असा तो काळ सरतो न सरतो तोच १८७८-७९ मध्ये नगर, पुणे, सोलापूर या भागांत उंदरांनी उच्छाद मांडला. दोन वर्षे उपाशी राहिलेल्या शेतकऱ्याचे पहिले बरे पीक उंदरांच्या पोटात गेले. सरकारला मारलेल्या उंदरांमागे बक्षीस लावावे लागले. १८२६ साली वडार जे मापाने धान्य घेऊन करीत होता, त्याचीच ही सरकारी आवृत्ती. फरक इतकाच की बक्षीस उंदीर मारण्याचे होते. तो खाऊन कोणाचे पोट भरले याची नोंद कोण ठेवणार? अशा वेळी पडवीत बसून माझी पणजी काय रांधत होती हे कोणत्याच गॅझेटियरात सापडायचे नाही.

इथे पवित्र शास्त्राकडे वळणे भाग आहे, कारण ‘हे खाणे आपल्या धर्मात बसते का’ असा प्रश्न कुणीतरी विचारणारच. लेवीयच्या ११ व्या अध्यायात उंदीर अशुद्ध ठरवला आहे, पण त्याच अध्यायात टोळाचे चार प्रकार खाण्यास मोकळे ठेवले आहेत. योहान बाप्तिस्ता टोळ आणि रानमध खाऊन राहिला हे तर आपली लहान मुलेही सांगतील. येमेनमधील यहुदी लोकांनी टोळ खाण्याची परंपरा अगदी अलीकडपर्यंत सांभाळली. पुढे प्रेषितांच्या कृत्यांत, योप्पा येथे पेत्राला सरपटणाऱ्या प्राण्यांसह सर्व जीव एका चादरीत उतरताना दिसतात, आणि देवाने शुद्ध केलेल्याला अशुद्ध मानू नकोस अशी आज्ञा त्याला होते. या उताऱ्यावर मी आजवर अनेक प्रवचने ऐकली. सर्व प्रवचने परराष्ट्रीयांच्या तारणावर होती, आणि ते योग्यच आहे. पण पेत्राचा पहिला अडथळा त्या चादरीतल्या अन्नाचा होता, याकडे कोणी वळल्याचे आठवत नाही.

कॅथलिक जगाने मात्र हा अडथळा ठिकठिकाणी निमूटपणे ओलांडला आहे. पेरूमधील कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता या स्थानिक चित्रकाराने १७५३ च्या सुमारास रंगवलेले प्रभूचे शेवटचे भोजन आहे. त्यातल्या मेजावरच्या ताटात कोकरू नसून चारी पाय वर केलेला गिनी पिग आहे. काही अभ्यासक तो ‘विस्काचा’ असल्याचे मानतात. पण तोही उंदराच्याच कुळातला. व्हेनेझुएलात तर जगातील सर्वांत मोठा कृंतक प्राणी, कॅपीबारा, परंपरेने प्रायश्चित्तकाळातच खाल्ला जातो, कारण पाण्यात राहणारा म्हणून त्याला माशांच्या पंक्तीत बसवले गेले. आमच्या शेवगावच्या रानात अशी सवलत कोणी दिली असती तर शुक्रवारच्या त्या वासाने आम्हाला एवढे छळले नसते!

अलीकडे या विषयाला एकदम प्रतिष्ठा आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला. जगात सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटक असतात, १,९०० हून अधिक जाती खाल्ल्या जातात, आणि तेवढीच प्रथिने देण्यासाठी रातकिड्यांना गुरांच्या बाराव्या हिश्श्याएवढेच खाद्य पुरते, असे त्यात म्हटले आहे. २०२१ साली युरोपीय संघाने पिठातल्या एका अळीला अन्न म्हणून रीतसर मान्यता दिली. तिकडे हे भविष्यातले अन्न आहे. आपल्याकडे मात्र २००८ साली महागाईच्या दिवसांत बिहारच्या कल्याण खात्याच्या सचिवांनी उंदराच्या मांसाला उत्तेजन देण्याची कल्पना मांडली, तेव्हा देशभर तिची टिंगल झाली. तिथल्या मुसहर समाजाचे नावच उंदरावरून पडलेले. ज्यांची टिंगल झाली ते सचिव नव्हते, मुसहर होते. त्याच समाजात सिस्टर सुधा वर्गीस यांनी आयुष्य घातले. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण कौतुकाच्या भरात दुसरी बाजू झाकू नये. उंदीर रोग आणतो. १९९४ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग निघाला तेव्हा नगरच्या बाजारातही लोक धास्तावले होते. आणि ही प्रथा मोडली ती काही सुधारणेने मोडली नाही. कालव्यांचे पाणी आले, उसाची लागवड वाढली, उसात घुशी वाढल्या, आणि मग झिंक फॉस्फाईडची काळी पूड आली. पिठाच्या गोळीत ती घालून बिळात टाकायची. काम झटपट, माणूस लागत नाही. मात्र मेलेला उंदीर पोटात विष घेऊन मरतो. मांजर मेले, घुबड मेले, आणि रानात मिळेल ते खाणाऱ्या माणसाला बिळातले मांस व बिळातले धान्य दोन्ही वर्ज्य झाले. वडाराला कोणी काढून टाकले नाही, फक्त बोलावणे थांबले. गरिबाच्या ताटातून एक फुकटचे मांस नाहीसे झाले, आणि त्याच्या जागी काय आले असे विचारले तर बहुतेक वर्षी काहीच नाही. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आली, अमेरिकेची तांबडी मिलो आली. पण ती वाटपाची होती, तिच्यासाठी रांग लावावी लागे.

गेल्या हिवाळ्यात शेवगावच्या आठवडे बाजारात एक वृद्ध वडार दगडी पाटे-वरवंटे मांडून बसले होते. वरवंट्याला टाकी लावून घेता घेता मी त्यांना मेट्टाड शब्द विचारला. त्यांनी हातातली टाकी खाली ठेवली.

“हा शब्द तुम्हाला कोणी सांगितला? आता पोरांना नुसतं एलका एवढंच ठाऊक. मेट्टाड, कोक, ही नावं माझ्या बापाबरोबर गेली.”

मी म्हटले, पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका साहेबाने तुमच्याच माणसांना विचारून लिहून ठेवलाय.

ते थोडा वेळ विचारात पडले. मग त्यांनी विचारले, “त्यानं खाल्ला होता का?”

इलियटच्या टिपणात तेवढे काही दिलेले नाही, असे मी त्यांना सांगितले. ते हसले आणि वरवंट्याचे तीस रुपये मागून घेतले.