सातारच्या शाळेतले गोणपाट

दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर वर्णभेद हे सरकारचे उघड धोरण झाले. कोणी कोठे बसावे, कोठे शिकावे, हे कायदा ठरवू लागला. साताऱ्यात त्यासाठी कायद्याची गरजच पडली नव्हती.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्यांची जागा वर्गाच्या कोपऱ्यात, एकट्याची. बसायला गोणपाट घरून आणायचे आणि रोज परत न्यायचे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. नळाला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर तहान तशीच. पुढे बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिले, आणि ते कोलंबिया विद्यापीठात अभ्यासाला लागले. (मराठी मुलांपैकी किती जणांनी ते वाचले असेल?)

याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. आजच्या सांगली जिल्ह्यातील दुधगावी तसा प्रयोग त्यांनी पूर्वीच करून पाहिला होता. विटाळ सर्वांत कडक पाळला जाई तो जेवताना. भाऊरावांनी नेमके तेच ठिकाण निवडले: सर्व जातींची मुले, एक चूल, एक पंगत. १९२७ साली गांधीजी तेथे येऊन गेले. ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ हे नाव त्यांच्याच हस्ते मिळाले.

कौतुकाने मात्र कोठी भरत नव्हती. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी एकेक दागिना मोडला. शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही.