बाराशे होनांचं भाडं : मद्रास शहराच्या भाडेकराराची गोष्ट



आजचा विषय एका फोनमुळे सुचला. चेन्नईत नुंगमबाक्कमला मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. कराराची मुदत संपत आली, तेव्हा घरमालकांचा फोन आला, की यंदा भाडं वाढवायचं आहे. माझ्या मनात होतं कमी करून घ्यायचं. इमारत जुनी, लिफ्ट वरचेवर बंद आणि आमच्याच जिन्यावर दोन फ्लॅट रिकामे. बोलणी करायला जायच्या आदल्या रात्री एक गोष्ट डोक्यात आली. हे मद्रास शहरच मुळात भाडेकरारावर उभं राहिलंय. आणि त्या भाडेकरूने शंभर वर्षांहून जास्त काळ मालकांशी जी घासाघीस केली, ती अभ्यासण्यासारखी आहे.

साल 1639. ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस डे कापडाच्या व्यापारासाठी पूर्व किनाऱ्यावर जागा शोधत होता. विजयनगरच्या राजाचा या भागातला नायक होता दामर्ला वेंकटाद्री. बेरी तिम्मप्पा हा दुभाषी मध्ये होता. करार ठरला तो असा : कंपनीने किल्ला बांधावा, पहिली दोन वर्षं गावाचं सगळं उत्पन्न कंपनीचं आणि त्यानंतर जकातीचा आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा नायकाचा.

म्हणजे भाडं ठराविक नव्हतं, उत्पन्नाच्या निम्मं होतं. इथे मालकाचं पारडं जड आहे हे लक्षात घ्या. गाव जसं वाढेल तसं मालकाचं उत्पन्न वाढणार.

पण मालक टिकले नाहीत. नायकाची सत्ता गेली. 1645 मध्ये राजा श्रीरंगरायाकडून कंपनीने नवा कागद करून घेतला. दोनच वर्षांत गोवळकोंड्याचा मीर जुमला आला. कंपनीने त्याच्याकडूनही जुने हक्क मान्य करून घेतले. भाडेकरूची ही पहिली युक्ती : मालक बदलला की वाट बघत बसायचं नाही, जुना कागद घेऊन आपणच आधी जायचं. नवा मालक अजून घडी बसवत असतो. त्याला भांडण नको असतं.

दुसरी युक्ती जास्त खोल. निम्म्या वाट्याच्या व्यवस्थेत मालकाचा माणूस नाक्यावर बसून हिशेब बघणार. या माणसाला हवालदार म्हणत. फौजेतला आपला हवालदार नव्हे, हा दरबाराचा अंमलदार. कंपनीला तो नको होता. वाद वाढले. 1657 मध्ये मीर जुमल्याच्या लोकांनी गावाला वेढा घातला. तडजोड झाली 1658 मध्ये. निम्म्या जकातीऐवजी वर्षाला 380 होन. इंग्रज ज्याला पॅगोडा म्हणत, तोच आपला होन.

पुढे गोवळकोंड्याच्या नेकनाम खानाशी अनेक वर्षं कुरबुर चालली. शेवटी 1672 मध्ये कंपनीचा मद्रासमधला प्रमुख विल्यम लँगहॉर्न याने सौदा केला. मागची सगळी बाकी मिटवायला 11,000 होन एकरकमी, आणि पुढे दरसाल 1,200 होन. तेही कायमचे. शिवाय मद्रासमध्ये हवालदार बसणार नाही.

आता कुणी म्हणेल, 380 चे 1,200 झाले, म्हणजे भाडं तिपटीहून वाढलं की. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच समजलो होतो. पण ‘कायमचे’ या शब्दाकडे बघा. बंदर वाढत होतं, जकात वाढत होती आणि भाडं मात्र जागच्या जागी. एका होनाला साडेतीन रुपये हा नंतरचा हिशेब धरला, तर 1,200 होन म्हणजे वर्षाला 4,200 रुपये. एका वाढत्या बंदराचं भाडं महिन्याला साडेतीनशे रुपये! आकडा न बदलता ते दरवर्षी स्वस्त होत गेलं.

1687 मध्ये गोवळकोंडा पडला, औरंगजेब मालक झाला. भाडं तेच. 1702 मध्ये दाऊद खानाने मद्रासची तीन महिने नाकेबंदी केली आणि रोकड घेऊन तो परतला. भाडं तेच. 1708 मध्ये त्याच दाऊद खानाकडून कंपनीने आणखी पाच गावं मिळवली. मी राहतो ते नुंगमबाक्कम त्यांपैकीच एक.

आता आपल्या घरातली गोष्ट. 1677 मध्ये दक्षिण मोहिमेत असताना शिवाजी महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडून औषधं मागवली आणि किंमत देऊ असं कळवलं. इंग्रजांनी पैसे न घेता वस्तू भेट म्हणून पाठवल्या. बलवान शेजाऱ्याशी ते असे जपून वागत. तेरा वर्षांनी चित्र पालटलं होतं. राजाराम महाराज जिंजीला होते, मोगलांचा वेढा पडत होता, पैशाची निकड होती. 1690 मध्ये त्यांनी कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला कंपनीला विकला. किल्ल्याबरोबर किती जमीन? तोफेचा गोळा जाईल तिथपर्यंतची! इंग्रजांनी तोफ आणून चहूकडे गोळे डागले. त्या टप्प्यातल्या गावांना पुढे गोळ्याची गावं म्हणू लागले. तोच फोर्ट सेंट डेव्हिड. राजाराम महाराजांना मी दोष देत नाही. वेढ्यात सापडलेल्या सेनापतीला आजची रसद लागते, पन्नास वर्षांनंतरची जमीन नव्हे. पण समोरच्याने ती निकड ओळखली होती.

हाच प्रकार शेवटी मद्रासच्या बाबतीत झाला. अर्काटचा नवाब महंमद अली त्रिचनापल्लीत अडकला. 1751 मध्ये क्लाइव्हने अर्काट घेऊन लढवलं. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांचे मराठे घोडेस्वारही त्याच्या मदतीला आले. 1752 मध्ये नवाबाची सुटका झाली, आणि त्याच वर्षी त्याने ते 1,200 होनांचं भाडं कायमचं माफ केलं. युद्धाच्या खर्चाचं देणं त्याच्या डोक्यावर होतं. 1763 मध्ये चेंगलपट्टूची जहागीर कंपनीला गेली. 1801 मध्ये सगळ्या कर्नाटकाचा कारभार गेला. 1855 मध्ये शेवटचा नवाब वारला. त्याचा चेपॉकचा महाल पुढे लिलावात निघाला आणि सरकारने घेतला. एकेकाळच्या मालकाचं घर भाडेकरूच्या हाती आलं.

फौजेत आम्हाला शिकवत, की मोर्चा हरला जातो तो गोळीबाराआधी, जागा निवडतानाच. मद्रासच्या मालकांनी शहर 1752 मध्ये गमावलं नाही. 1672 मध्ये ‘कायमचे’ लिहून दिलं आणि हवालदार उठवला, तेव्हाच गमावलं. हातात आलेल्या 11,000 होनांपुढे त्यांना ते दिसलं नाही.

आता माझ्या भाड्याचं काय झालं? दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेलो. निवृत्त शिक्षक आहेत, वयाने माझ्याहून मोठे. मी रिकाम्या फ्लॅटांचा विषय काढला आणि म्हटलं, भाडं हजाराने कमी करा, मी तीन वर्षांचा करार करतो. दर वर्षीची वाढ नको आणि तुम्हालाही भाडेकरू शोधायची कटकट नको. त्यांनी फिल्टर कॉफी पुढे केली, थोडा विचार केला आणि होकार दिला. मी मनात म्हटलं, लँगहॉर्न जिंकला.

मग ते हसून म्हणाले, “कर्नल सार, एकच अट. शेवटची तारीख ठळक अक्षरात लिहा. आणि दर सहा महिन्यांनी मी घर बघायला येणार.”

गोवळकोंड्याच्या दरबारात हे मास्तर असते, तर आज कदाचित वेगळा इतिहास सांगत बसलो असतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.